मदत हवी आहे: गुजरातची विधवा पेन्शन थांबली, इथे निराधार योजनेला १५ वर्षं रहिवासाची अट

नमस्कार मंडळी,

विधवा-निराधारांना महिन्याला पेन्शन देणाऱ्या आपल्या राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कोणी भरला असेल, तहसीलच्या चकरा कोणी मारल्या असतील, तर जरा वाट दाखवा.

माझी मावशी, वय ५८. माहेर-सासर दोन्ही नाशिक जिल्ह्यातल्या, गुजरातला लागून असलेल्या सुरगाणा तालुक्यातलं. भात निघाला की गावात हाताला काम नाही. निम्मे लोक दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर, बाकीचे गुजरातेत. मावशी आणि काका वापीला गेले. काका ठेकेदाराकडे केमिकल कंपनीत होते. बावीस वर्षं तिकडेच गेली. काका वारल्यावर तिला तिथल्या गंगास्वरूपा या विधवा पेन्शन योजनेतून महिन्याला १२५० रुपये मिळू लागले.

मूलबाळ नाही, गुडघे गेले, म्हणून दिवाळीनंतर तिला नाशिकला आमच्याकडे पंचवटीत आणलं. दवाखान्यासाठी आधारवरचा पत्ता बदलला. पुनर्विवाह केला नसल्याचा दाखला तिकडे दरवर्षी द्यावा लागतो, तो यंदा राहिला आणि पैसे थांबले. फोनवर उत्तर आलं, बेन आता इथे राहत नाहीत ना, मग कसली पेन्शन! नियमाने बरोबरच आहे म्हणा.

मग इथे चौकशी केली. खिडकीवरच्या माणसाने कागद चाळले, वापीचं लाइटबिल बाजूला काढून ठेवलं आणि विचारलं, "महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा?" मावशीने पिशवीतून ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेला जिल्हा परिषद शाळेचा दाखला काढला. चौथीपर्यंतचा. जन्म सुरगाण्याचा, लग्न सुरगाण्यात. तो म्हणाला, हे जुनं झालं, आत्ताचं काय ते दाखवा.

माझे प्रश्न असे:

पंधरा वर्षं म्हणजे अर्जाच्या आधीची सलग, की आयुष्यातली कोणतीही? जन्म आणि शाळेच्या दाखल्यावर कोणाला डोमिसाइल, म्हणजे रहिवासाचा दाखला, मिळालंय का?

दुसरं, उत्पन्नाचं. इथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं, म्हणजे महिन्याला १७५०. गुजरातेत हीच मर्यादा गावात १,२०,००० आणि शहरात १,५०,००० आहे. मावशी आमच्याकडे जेवते म्हणून माझा पगार तिच्या कुटुंबात धरणार का? एक एजंट म्हणाला, "दाखला करून देतो." तसलं काही नको आहे.

रेशनचं मात्र नवल वाटलं. कार्ड अजून वलसाड जिल्ह्याचंच आहे, तरी आमच्या गल्लीतल्या दुकानात चाललं. अंगठा दोनदा उमटला नाही, पदराला पुसून तिसऱ्यांदा ठेवला आणि पाच किलो धान्य मिळालं. फुकट. धान्य हद्द ओलांडतं, पेन्शन ओलांडत नाही, कारण केंद्राचा वाटा सगळीकडे सारखा असला तरी तो दारिद्र्यरेषेखालच्या विधवेला जेमतेम ३०० रुपये. वरचं ज्याच्या त्याच्या राज्याच्या मर्जीवर. आपल्याकडे तो वाटा धरून १५००, आंध्रात ४०००. इथे वेगळं रेशनकार्ड काढलं तर अर्जाला उपयोग होईल का? त्यासाठी आधी तिकडचं नाव कमी करावं लागेल, आणि मधल्या महिन्यांत धान्यही जायचं, ही भीती आहे.

(थोडं अवांतर: १९९४ ला मागास भागांकडे लक्ष द्यायला राज्यात विकास मंडळं झाली तेव्हा विदर्भाला एक, मराठवाड्याला एक, आणि बाकी सगळं 'उर्वरित महाराष्ट्र'. सुरगाणा-पेठ आणि पुणे एकाच खात्यात! सरासरी काढली की सुरगाणा दिसतच नाही. २०२२ च्या शेवटी तिथल्या गावांनी आम्हाला गुजरातला जोडा म्हटलं, तेव्हा टीव्हीवर चार दिवस गंमत चालली. आमच्या घरी कोणाला त्यात नवल वाटलं नाही.)

संपादन: लाडकी बहीणचा अर्ज भरा म्हणणाऱ्यांसाठी, नोंदणी चालू होती तेव्हा मावशी वापीला होती. आणि श्रावणबाळ या म्हातारपणाच्या पेन्शनला ६५ वर्षं लागतात, अजून सात बाकी आहेत.

सोमवारी रजा टाकून पुन्हा तहसीलला जाणार आहे. शाळेच्या दाखल्यासोबत काय नेऊ? गावातल्या मतदार यादीत तिचं जुनं नाव सापडलं तर चालेल का? ती यादी कुठे मिळते, एवढं तरी सांगा.