जुन्या पीसीचा नॅस (नेटवर्कवरून स्टोरेज देणारा डबा) बनवला पण त्यावरच्या व्हीएम रांगतायत, १० गिग नेटवर्क कार्ड घेऊ का?

गोदाकाठचा_अ‍ॅडमिन

मंडळी नमस्कार, जरा लांबण लागेल पण वाचा. घरी दोन मिनी पीसी आहेत, दोन्हीवर प्रॉक्समॉक्स (एका पीसीवर अनेक आभासी पीसी, म्हणजे व्हीएम, चालवणारी सिस्टीम), मिळून ९ व्हीएम, त्यातल्या दोन विंडोज आणि बाकी डेबियन. सगळ्यांचं स्टोरेज एकाच जागी असावं म्हणजे एक पीसी खोलला तरी व्हीएम चालू असतानाच दुसऱ्यावर सरकवता येतील, म्हणून माळ्यावरचा चौथ्या पिढीचा आय५ धूळ झटकून खाली काढला. १६ जीबी रॅम, ४ टीबीच्या चार ७२०० आरपीएमच्या डिस्क, ट्रूनॅस (नॅसची सिस्टीम, आत झेडएफएस ही फाइलसिस्टीम) टाकलं, रेडझेड१ केलं (सगळ्या डिस्कचा मिळून एक पूल, एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो) आणि एनएफएसने (नेटवर्कवरून फाइल शेअर करायची पद्धत) दोन्ही प्रॉक्समॉक्सला जोडलं. मोठी फाईल टाकली की ११० एमबी पर सेकंद मिळतात, म्हणजे गिगाबिट पूर्ण भरतंय ना? पण विंडोजवाली व्हीएम चालू व्हायला सहा मिनिटं घेते आणि डेबियनमध्ये अपडेट लावलं की बाकीच्या सगळ्या गारठतात. दुकानदार म्हणतो रेड कार्ड (डिस्क एकत्र बांधून स्वतः सांभाळणारं कार्ड) घ्या आणि रेड ५ करा, मित्र म्हणतो १० गिग कार्ड टाक. दोघांचं ऐकलं तर खिसा रिकामा. आधी काय करू?

सह्याद्री_सर्व्हर

दोन्ही नको. तुझी वायर भरलेलीच नाहीये, डिस्कची मुंडकी दमलीत. ११० एमबी ही सलग कॉपीची गोष्ट झाली, व्हीएम तसं वाचत नाहीत, नऊ जणी नऊ ठिकाणचे बारीक बारीक तुकडे मागतात. ७२००ची डिस्क एक फेरा ८.३ मिलिसेकंदात मारते, सरासरी अर्धा फेरा वाट बघायची, वर हेड तिथवर न्यायला अजून सात-आठ, म्हणजे सेकंदाला ८०-९० उड्या, संपलं. आणि रेडझेडमध्ये एकेक ब्लॉक तुकडे होऊन सगळ्या डिस्कवर पसरतो, त्यामुळे असल्या उड्या मारायच्या कामात तुझ्या चार डिस्क मिळून जेमतेम एका डिस्कइतकंच काम करतात. सिनेमे आणि फोटो ठेवायला रेडझेड झकास. व्हीएमसाठी दोन-दोनच्या मिरर जोड्या (जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा) कर, लिहायला दुप्पट, वाचायला चौपटीपर्यंत. जागा १२ वरून ८ टीबीवर येईल आणि तीही काठोकाठ भरायची नाही, व्हीएमच्या डिस्कसारखं ब्लॉक स्टोरेज निम्म्याच्या वर गेलं की झेडएफएसला सलग मोकळी जागा शोधत बसावं लागतं.

दुसरा रोग सिंक रायटिंगचा. व्हीएममधला डेटाबेस म्हणतो "डिस्कवर नीट लिहून झालं की मगच सांग", मग झेडएफएस ते आधी झिलमध्ये (त्याची कच्ची नोंदवही) लिहितो आणि काही सेकंदांनी खऱ्या जागी पुन्हा लिहितो, तेही त्याच दमलेल्या डिस्कवर. खात्री करायची असेल तर त्या डेटासेटवर पाच मिनिटं सिंक डिसेबल्ड करून बघ. फक्त बघ, तसंच ठेवू नकोस!!

रेड कार्डाबद्दल एवढंच की झेडएफएसला डिस्क नागड्या दिसायला हव्यात, मध्ये कुणी शहाणा नको. बोर्डावर साटा पोर्ट कमी पडले तरच आयटी मोडमधलं एचबीए (डिस्क जशाच्या तशा दाखवणारं साधं कार्ड) घे आणि त्याच्यावर पंखा मार, ते भाजून निघतं.

एकच_डबा_पुरे

माझं उलट मत, शिव्या घाला. दोन मिनी पीसीसाठी शेअर्ड स्टोरेज हवंच कशाला? प्रत्येकात एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) असेलच, तिथे झेडएफएस करून व्हीएम लोकल ठेव आणि प्रॉक्समॉक्सचं रेप्लिकेशन (दुसऱ्या पीसीवर प्रत पाठवणं) दर १५ मिनिटांनी लाव. एक पीसी गेला तर १५ मिनिटांचं काम जाईल, घरात कुणाचं काय अडतंय. नॅस फक्त बॅकअपला ठेव, त्याला रेडझेड१सुद्धा चालेल. आत्ता तो एक जुना आय५ बसला की नऊच्या नऊ व्हीएम झोपतात, हे लक्षात आलंय ना? शिवाय ६० वॉटचा डबा चोवीस तास म्हणजे महिन्याला ४३ युनिट.

गोदाकाठचा_अ‍ॅडमिन

@सह्याद्री टेस्ट केली राव. सिंक बंद केल्यावर विंडोज सव्वा मिनिटात उठली, मी दोनदा रिस्टार्ट करून बघितलं कारण विश्वासच बसेना. परत चालू केलं तर परत सहा मिनिटं. मग तसंच बंद का नको ठेवू, यूपीएस आहेच की.

@एकच_डबा मुद्दा पटतो, पण मला हे शिकायचंय पण. मिनी पीसीत फक्त २५६ जीबी आहे हेही एक कारण.

वऱ्हाडी_रॅक

नको ठेवू भाऊ, मी ठेवलं होतं. नागपूरचा मे महिना, लाईट गेली, माझा इन्व्हर्टर नॉर्मल मोडवर होता, यूपीएस मोडवर नाही, पलटी खायला जो काही क्षण लागला त्यात नॅस रिस्टार्ट. पूल एकदम ठणठणीत, झेडएफएस म्हणे मला काही झालंच नाही, पण व्हीएममधला पोस्टग्रेस उठेना, कारण त्याला "लिहिलं" म्हणून सांगितलेलं शेवटच्या काही सेकंदांचं रॅममध्येच होतं. पूल वाचतो, व्हीएमचा विश्वासघात होतो. आणि यूपीएस काय, पॉवर सप्लाय उडाला तर यूपीएस काय करणार?

त्यापेक्षा सिंकसाठी वेगळी एसएसडी लाव, स्लॉग म्हणतात तिला. पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेलीच घे, म्हणजे आत कपॅसिटर असतात, वापरलेली सर्व्हरची चालेल. घरगुती एसएसडी ते सिंक पडल्यावर रडते. मोठी नको, गिगाबिटवर पाच सेकंदात ६०० एमबीच येतं, १६ जीबीसुद्धा रग्गड झाली. ती कॅश नाही हां, एरवी तिच्यातून काही वाचलंच जात नाही, दगाफटका झाल्यावरच वाचतात. तुझ्या बोर्डाला एम डॉट टू (एसएसडीचा स्लॉट) नसेल तर पीसीआयई अ‍ॅडॉप्टरवर बसेल, त्या पिढीतले बरेच बोर्ड एनव्हीएमईवरून बूट करत नाहीत पण डेटाला अडचण नाही. जमल्यास रॅम ३२ कर, त्या आय५ची तेवढीच मर्यादा आहे.

अजून एक, यूपीएसवर स्विचपण घे (सगळे हेच विसरतात) आणि लाईट गेल्यावर आधी व्हीएम, मग प्रॉक्समॉक्स, शेवटी नॅस असा बंद करायचा क्रम लाव. नॅस आधी गेला तर व्हीएम डिस्क शोधत लटकतात.

सह्याद्री_सर्व्हर

+१. रेडझेडचा मिरर जागच्या जागी होत नाही, पूल मोडूनच करावा लागेल. सगळ्या व्हीएमचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घे आणि मोडायच्या आधी निदान एक रिस्टोअर करून चालू होते का बघ. १० गिग नंतर, दोन वापरलेली एसएफपी प्लस (१० गिगची) कार्डं आणि मध्ये एक डॅक केबल (कार्डाला थेट कार्ड जोडणारी), स्विचसुद्धा लागत नाही, पण मग दुसरा मिनी पीसी तोंड बघत बसेल.

गोदाकाठचा_अ‍ॅडमिन

डेटा २.१ टीबीच आहे, बाहेरच्या ४ टीबीवर बॅकअप झाला. मुद्दाम विंडोजवालीच रिस्टोअर करून बघतोय, ४० टक्क्यांवर आहे. दुकानदाराला रेड कार्ड नको म्हणून कळवलं, तो म्हणे मग पेन ड्राइव्ह तरी घ्या.