सासूबाईंची लोखंडी कढई : ठेवू की नवीन घेऊ?

चाळीसगावची सून:
जुन्या घरातलं सामान जळगावच्या फ्लॅटवर आणलं, त्यात सासूबाईंची लोखंडी कढई आणि तवा निघाला. दोन्ही गंजलेले. त्या आता नाहीत, भंगारात द्यायला मन होत नाही. तारेच्या घासणीने लख्ख घासून कढईत चिंच-गुळाची आमटी केली, तर काळी झाली आणि तोंडाला लोखंडाची चव आली. तव्यावर कळण्याची भाकरी चिकटून फाटते. घरचे म्हणतात नॉनस्टिक आण, पण आधीच्या पॅनचा थर दोन वर्षांत निघाला. सुरीही टोमॅटो चेपते, कापत नाही. काय करू?

तापीकाठ:
इंडक्शन असेल तर आधी बूड बघा. लोखंड चालतं, पण गोल बुडाची कढई त्यावर नीट तापत नाही. पितळ, तांबं, साधं अ‍ॅल्युमिनियम चालत नाही. नवीन भांडं घेताना बुडाला चुंबक लावून बघायचं, घट्ट चिकटलं तर घ्यायचं.

धुळ्याची मावशी:
बाई, कढई टाकू नकोस. तू लख्ख घासलीस तिथेच गडबड झाली. लोखंडाला वर्षानुवर्षांच्या तेलाचा काळा थर लागतो, तोच तिचा कस. तो गेला की उघडं लोखंड आंबटात उतरतं. म्हणून चिंच, टोमॅटो, कोकम, ताक स्टीलमध्येच.

आता सगळा गंज काढ, धुऊन लगेच शेगडीवर कोरडी कर. गरम असतानाच शेंगदाण्याच्या तेलाचा अगदी पातळ हात दे आणि फडक्याने जवळजवळ सगळं पुसून घे. तेल जास्त राहिलं तर चिकट गोंद होतो. मग धूर निघेपर्यंत तापव, थंड होऊ दे. असं चार वेळा. पुढचे काही दिवस भजी, पुऱ्या तळ, थर आपोआप बसेल. शेवभाजीचा कांदा-खोबऱ्याचा मसाला हिच्यात भाजून बघ, लोखंड ताव धरून ठेवतं म्हणून तो खमंग उतरतो. भरीताची फोडणी मात्र मी स्टीलमध्येच देते. वांगं लोखंडात काळवंडतं, त्याने अपाय होत नाही, पण आपल्या भरीताचा रंग जातो. शिजलेलं रात्रभर कढईत ठेवायचं नाही. माझी आई अहिराणीत म्हणायची, ‘कढईले ओली ठेवू नको.’

भाकरीचं म्हणशील तर तवा पुरता तापलेला हवा. वरचं पाणी नुकतं सुकलं की उलटायची. पाणी ओलं असताना उलटली की चिकटते, फार सुकल्यावर उलटली की चिरते.

नॉनस्टिकचा राग नाही, डोशाला छान. पण रिकामं तापवू नकोस, २६० अंशांच्या वर तो लेप खराब व्हायला लागतो. आणि उलथणं लाकडाचं.

पितळेचं पातेलं असेल तर कल्हई बघून घे. आतून पिवळं दिसायला लागलं की त्यात आंबट ठेवू नये, ते कळकतं. आमच्याकडे अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला गेलो की भांडी बघायचोच, माझी कढई तिथलीच.

बोरीकर:
सुरीबद्दल. स्टीलच्या ताटात किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर कापता का? धार तिथेच मरते, लाकडी पाट वापरा. मधूनमधून चहाच्या कपाच्या तळाला, जिथे चकाकी नसते त्या खरखरीत कडेवर, पातं किंचित कललेलं धरून दोन्ही बाजूंनी फिरवा. गवार, मेथी निवडायला मात्र विळीच बरी, दोन्ही हात मोकळे राहतात. तिचं पातंही पुसून ठेवा.

चाळीसगावची सून:
मावशी, चार वेळा केलं. काल तिच्यात मेथीची भजी तळली, एकही चिकटलं नाही. कपाच्या तळाचा उपायही चालला. तव्याला आज हात लावते.