भीमेतला हरगोल पुन्हा बांधतेय, कातड्याचं काम कोण सांगेल?

ताडपत्रीवाली, सोलापूर

नमस्कार. सोलापुरात आमचं ताडपत्री शिवायचं दुकान आहे. ट्रक-टेम्पोचे हूड, मांडवाचे पडदे, ऊसतोड टोळ्यांची पालं. सव्वीस वर्षं मशीनवर बसते, त्यामुळं शिवण मला कळते. कातडं कळत नाही, म्हणून विचारतेय.

माझा आजा, म्हणजे आईचे वडील, दक्षिण सोलापुरात भीमेच्या काठाला हरगोल चालवायचा. ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगते: बांबूच्या कामट्यांची विणलेली मोठी गोल परडी आणि तिला बाहेरून कातडं. ना पुढचं टोक, ना मागचं. पलीकडं कर्नाटकातला इंडी तालुका लागतो, तिकडं हरिगोलु म्हणतात. उजनी धरण १९८० ला पुरं झालं. त्याआधी पावसाळ्यात नदी चढली की आठ-आठ दिवस उतरायची नाही. बाजार, दवाखाना, सोयरीक, सगळं हरगोलातून. माझी आजी पलीकडची. तिची वरात हरगोलातून आली आणि मधल्या धारेत तो इतका गरगरला की तिनं मुंडावळ्या तोंडात धरून डोळे मिटून घेतले. हे ती मरेपर्यंत सांगायची. दिवस मावळला की आजा हरगोल पाठीवर पालथा घेऊन घाट चढायचा. आई म्हणते, लांबून कासव चालत आल्यासारखं दिसायचं.

मी सहा वर्षांची असताना तो हरगोल मोडला, नवा कुणी केला नाही. माळ्यावर वल्हं तेवढं राहिलं. मागच्या दिवाळीत ते खाली काढलं तर दांड्यावर दोन खाचा दिसल्या. गावात एक बुरूडकाका आहेत, ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी त्यांनी वडिलांच्या हाताखाली दोन हरगोल विणलेत. वल्हं हातात घेतलं आणि म्हणाले, "ही खाच अर्ध्या रुंदीची, ही खोलीची. तुझ्या आजाचं माप आहे हे." टेप लावला: ४२ इंच आणि २३ इंच. म्हणजे सात फूट व्यास आणि दोन फुटांना जरा कमी खोली. मी तिथंच ठरवलं की हे माप पुन्हा पाण्यात गेलं पाहिजे.

सांगाडा झालाय. काकांचे हात थरथरतात, म्हणून कोयता नातवाकडं आणि काका खाटेवरून बघणार. ओला कळक फोडून कामट्या काढल्या. जमिनीवर चार दिशांनी एकमेकीवर टाकून मधोमध तळ विणला, तळावर दगड ठेवले, भोवती ओली पोती टाकली. तिसऱ्या दिवशी टोकं वर वळवून दोरीनं आवळली. मग कड. कडेला काकांनी पाच कामट्यांचा पेड घातला आणि नातवाला तीनदा उसवायला लावला. तिसऱ्यांदा मी म्हणाले, काका, राहू द्या, चांगलं दिसतंय. ते म्हणाले, "दिसायला नाही विणत. चढताना माणूस कडेवरच जोर देतो."

आता अडलंय ते कातड्याशी. बुरूड परडी विणून द्यायचे, कातडं चढवायचं काम दुसऱ्यांचं. ती माणसं गेली, काकांना त्यातलं "म्हशीचं असायचं" एवढंच आठवतं. कच्चं कातडं लावायचं की कमावलेलं? तुकड्यांचा जोड कसा शिवायचा, की दाभणाच्या भोकातून पाणी येणार नाही? वरून काय लावायचं?

प्लास्टिक लावा असं कृपा करून सांगू नका. हंपीला आणि होगेनक्कलला मुद्दाम जाऊन आले. तिथं आता बांबूवर प्लास्टिकचा कागद आणि डांबर असतं. त्या लोकांचं पोट त्यावर आहे, त्यांना नाव ठेवणार नाही. पण ताडपत्री मी रोज शिवते, ती काय करते ते मला माहीत आहे. कातडं पाण्यात काय करतं ते मला एकदा बघायचंय.

करमाळेकर

ताई, काम मोठं आहे, पण आधी एक सांगतो. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळवाऱ्यात उलटली, सहा जण गेले. आमच्या भागातली माणसं तो दिवस विसरलेली नाहीत. कातडं असो की काही असो, पहिल्या दिवसापासून लाईफ जॅकेट. आभाळ आलं तर पाण्यात पाऊल नको.

चंद्रभागेचा नावाडी, पंढरपूर

ताई, आमच्या घरात होड्या पिढीजात. पुंडलिक, विष्णुपद, गोपाळपूर, असे भाविक न्यायचे. लाकडी होडीचे सांधे दरसाल काथ्या ठासून वर डांबर देऊन बुजवायचो. वडील म्हणायचे, होडी पाण्यात मरत नाही, काठावर मरते. लाकूड वाळलं की फट पडते, म्हणून आम्ही उन्हाळ्यातही ती थोडी पाण्यात ठेवायचो.

तुमचं उलटं असणार. कातडं रात्रभर पाण्यात राहिलं तर मऊ पडून बांबूवरून ढिलं होईल. आजोबा पाठीवर घेऊन वर यायचे ते चोरीच्या भीतीनं नव्हे. रोज पालथं घालून वाळवायलाच आणत असतील.

वजनाचा हिशेब करून घ्या. तळ सात फुटांचा सपाट धरला तर होडी एक सेंटिमीटर खाली जाते तेव्हा साधारण ३५ किलो पेलते. पण परडीचा तळ कडेपेक्षा अरुंद असतो, म्हणून २० च धरा. वीस सेंटिमीटर बुडू दिली तर ४०० किलो. पाच माणसं आणि थोडं सामान. तेवढ्यावर थांबा, कड पाण्याजवळ येऊ देऊ नका. आणि वल्हं बाजूला मारू नका, जागेवर फिरत बसाल. पुढं वाकून पाणी आपल्याकडं ओढायचं, इंग्रजी आठचा आकडा काढल्यासारखं.

वादी आणि दाभण, सोलापूर

ताई, तुम्ही हरगोल शिवणारा माणूस शोधताय. तो मिळणार नाही. मोट शिवणारा शोधा.

आमच्या घरी तीन पिढ्या कातडं कमावलं. माझे वडील पंचक्रोशीतल्या मोटा दुरुस्त करायचे. विचार करा, मोट म्हणजे काय? दिवसभर विहिरीत बुडणारं, भरून वर येणारं, दगडी कडेला घासणारं कातडं. तुमच्या होडीला जे सोसायचंय ते सगळं मोट सोसत होती, उलट जास्तच. इंजिनं आली, मग विजेचे पंप आले, मोट गेली. नाडा-सोंदूर हे मोटेच्या दोरांचे शब्दसुद्धा आता नातवंडांना सांगावे लागतात. पण सत्तरीच्या पुढच्या काही हातांत ते काम अजून आहे.

कच्चं लावू नका. कच्चं वाळलं की पत्र्यासारखं ताठ होतं आणि आवळताना बांबूला पिळून काढतं. भिजलं की लोळागोळा, आठवड्यात वास. कमावलेलंच घ्या, आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं. क्रोमचं, म्हणजे रसायनात कमावलेलं, कातडं बूट-पाकिटाला ठीक, इथं नको. पूर्वी चुन्याच्या कुंडात केस काढले की कातडं पिशवीसारखं शिवून टांगायचे आणि आत सालीचं पाणी भरायचे. झिरपून खाली आलेलं पाणी परत वर ओतायचे. बाभूळ नसली तर तरवडाची साल. माझं लहानपण त्या वासात गेलं. लोक नाक धरून जायचे आणि त्याच कातड्याच्या मोटेचं पाणी प्यायचे.

म्हशीचीच घ्या, जाड असतात आणि कायद्याची अडचण नाही. गाय-बैलाचं नको, २०१५ च्या कायद्यानं इथं बैलाची कत्तलही बंद आहे. पक्कं बिल मागा. तुमच्या मापाला तीन कातडी लागतील, चौथं हाताशी ठेवा. पाठीचा भाग तळाला, पोटाचा पातळ भाग कडेला. केसांची बाजू बाहेर.

आता जोड. तुम्ही मशीनवर नायलॉनचा दोरा वापरत असाल. तो इथं विसरा. नायलॉन भिजून फुगत नाही, भोक तसंच राहतं. वडील त्याच कातड्याची बारीक वादी, म्हणजे दोऱ्यासारखी पट्टी, काढायचे, तेलात मुरवायचे आणि आरीनं भोक पाडून ओढायचे. भोक वादीपेक्षा किंचित लहान. पाण्यात वादी फुगते आणि भोक स्वतःच बुजवते. दीड बोट कातडं एकावर एक चढवून दोन ओळी, दुसरीची भोकं पहिलीच्या मधोमध. कातडं ओलसर असताना चढवा, निथळतं नको. वाळवायचं सावलीत. मग करंजाचं तेल कोमट करून आतून-बाहेरून, चार दिवस, जिरेल तेवढं. डांबर फक्त शिवणीवर.

दुकान कुठं आहे सांगा, मी येतो. दाभण माझं आणतो.

खाडीवाला, रत्नागिरी

मोटेचा धागा वाचून फार आनंद झाला. थोडी भर घालतो. १५२० च्या सुमारास विजयनगरला आलेल्या डोमिंगो पाइश या पोर्तुगीजानं तुंगभद्रेवरच्या या होड्यांचं वर्णन केलंय: टोपलीसारख्या गोल, आतून वेताच्या, बाहेरून कातड्याच्या, पंधरा-वीस माणसं नेणाऱ्या आणि चालताना सतत फिरणाऱ्या. तुमच्या आजीच्या वरातीचंच वर्णन. पुढं १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं नद्या ओलांडायला अशाच टोपली-होड्या करवून घेतल्या होत्या.

शिवणीबद्दल: उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक कातड्याच्या होड्या शिवताना सुई कातड्याच्या आरपार जाऊच देत नाहीत. निम्म्या जाडीतून टाका घेतात, मग उलट बाजूनं दुसरी ओळ. आरपार भोकच नाही तर गळणार कुठून? ही शिवण तिकडं बायकांच्या हातची. तळाच्या जोडाला जमलं तर करून बघा. १९७६-७७ मध्ये आयर्लंडहून कॅनडाच्या न्यूफाउंडलंडपर्यंत कातड्याची होडी नेली गेली, टिम सेव्हरिननं. ४९ बैलांची कातडी, ओकच्या सालीत कमावलेली, वर लोकरीची चरबी. बर्फानं कातडं फाटलं तेव्हा भर समुद्रात ठिगळ शिवलं. कातड्याचा हाच गुण, ते दुरुस्त होतं.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी मतभेद. कापडाला कमी लेखू नका. वेल्समधल्या अशाच छोट्या होड्या फार पूर्वी कापड आणि डांबरावर आल्या. ग्रीनलंडचे कयाक, म्हणजे तिकडच्या अरुंद होड्याही, आता बहुतेक कॅनव्हासचे असतात, आणि ती विद्या जिवंत आहे ती सांगाडा, माप आणि वल्हवणं टिकलं म्हणून. पहिला हरगोल जाड सुती कॅनव्हासचा करा. चुका स्वस्तात होतील.

आणि म्हाताऱ्या हातांना विचारत बसणं हीच खरी पद्धत. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून काथ्यानं शिवलेलं जहाज बांधलं, ते केरळच्या बाबू शंकरन यांच्या हातांनी. २१ मे २०२५ ला कारवारला नौदलानं ते घेतलं आणि 'कौंडिण्य' नाव दिलं. चित्रावरून आकार मिळाला, शिवण माणसाकडूनच मिळाली.

ताडपत्रीवाली, सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण मधल्या दिवसांत दादा दाभण घेऊन खरंच दुकानात आले. त्यांचा हात बघत दोन दिवस बसले. मी मिनिटाला हातभर टीप मारणारी बाई, त्यांना वीतभर जोडाला तास लागतो. पण भोक पाडताना आरी ते असे फिरवतात की कातडं फाटत नाही, बाजूला सरकतं. मशीनची सुई हे करूच शकत नाही.

आम्ही एक परीक्षा घेतली. कातड्याच्या दोन पिशव्या केल्या, एक माझ्या मशीनवर नायलॉननं, दुसरी त्यांच्या वादीनं. दोन्हींत पाणी भरून दुकानाच्या आढ्याला टांगल्या. माझी पहिल्या रात्रीतच निम्मी रिकामी. त्यांची तासभर ठिबकली, मग थांबली ती तीन दिवस कोरडी. शेजारचे दुकानदार येऊन बोटानं चाचपून जात होते. निम्म्या जाडीतला टाका मी हातानं करून बघितला. चार बोटं नीट आला, पुढं सुई आरपार गेली. सराव करतेय.

खाडीवाले काका, कापडाबद्दल तुमचं म्हणणं पटलं, पण अर्धंच. बुरूडकाकांचा नातू कॅनव्हाससाठी पाच फुटी सांगाडा विणायला बसलाय, वल्हवणं त्यावर शिकू. मात्र सात फुटी कातड्याचाच. बुरूडकाका आणि दादा दोघंही आज आहेत, कातडं पुढं ढकललं तर एखाद्या वर्षी एकटा सांगाडा उरेल. हे त्या दोघांसमोर बोलता येत नाही, म्हणून इथं लिहिते.

करमाळेकर, जॅकेटं घेतलीत, सहा. पहिल्यांदा कमरेएवढ्या पाण्यात, काठाला दोर बांधून, माणसांच्या जागी वाळूची पोती भरून. नावाडीदादांनी सांगितलेला ४०० चा आकडा वल्ह्यावर खडूनं लिहून ठेवलाय.

दोन कातडी आली, बाभळीतली, लालसर आहेत. तिसरं गुरुवारी येतंय. बुरूडकाकांनी परवा निरोप धाडला की सांगाडा फार वाळू देऊ नका, रोज संध्याकाळी पाणी मारा, आणि कातडं चढवायच्या दिवशी मला न्यायला गाडी पाठवा. करंजाचं तेल सोलापुरात घाण्याचं चांगलं कुठं मिळतं? पाच लिटर हवंय.