कुटच्या वेढ्यातली वही: पुरावा की आठवण?

लालबागकर
कागदवाले, पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुटला तुर्कांनी इंग्रजांच्या फौजेला घातलेल्या वेढ्याबद्दलचं तुमचं कालचं वाक्य डोक्यातून जाईना. ‘कपाटातल्या वह्या म्हणजे इतिहास नव्हे. कुटला हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस नाकारलं, हे खुद्द सेनापतीने लिहिलंय. एका शिपायाच्या वहीने ते बदलत नाही.’

ती वही माझ्या आजोबांची. मराठा पलटणीतून बसऱ्याला गेले, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ कुटमध्ये अडकले, मग तुर्कांच्या कैदेत. पेन्सिलीने मोडीत लिहिलेली बेचाळीस पानं आहेत. एप्रिलमधली एक ओळ: ‘आज खाल्ले. सर्वांनी खाल्ले. कोणी कोणाकडे पाहिले नाही.’ त्या काळच्या गावातला माणूस हे मिरवायला लिहील?

आणि तो सेनापती, टाउनशेंड, कुठला निःपक्षपाती? तेराएक हजार माणसं शत्रूच्या हाती देऊन हा इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला, शिपाई वाळवंट तुडवत मेले. १९२० मध्ये त्याने स्वतःच्या बचावाचं पुस्तक काढलं. त्याचं ते पुरावा आणि आजोबांचं ते गोष्ट?

कागदवाला
आजोबांचा अपमान मी केलेला नाही. पण तुम्हीच टाकलेला वहीचा फोटो बघा. वर लिहिलंय ‘पहिले महायुद्ध’. दुसरं झाल्याशिवाय पहिल्याला पहिलं कोण म्हणतं? शिवाय झडत्या, वाटचाल, आजारपण, या सगळ्यातून बेचाळीस पानं अशी सलग राहतात? बंगालच्या रुग्णसेवा पथकातले शिशिर सर्वाधिकारी याच वेढ्यात होते. त्यांना पानं फाडून बुटात लपवावी लागली. तुमची वही घरी आल्यावर लिहिलेली दिसते. मग ती आठवण झाली, रोजनिशी नव्हे.

लालबागकर
‘माझा प्रवास’वाल्या गोडसे भटजींनी १८५७ च्या बंडात पाहिलेलं पाव शतकाने लिहिलं. ते टाकून द्यायचं का?

कागदवाला
टाकायचं नाही, तपासायचं. १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी ते पुस्तक छापलं ते त्यांचा हात फिरलेलं होतं. गोडसे भटजींचं मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणलं, तेव्हा कुठे काय बदललंय ते कळलं. वहीबद्दल मी तेच मागतोय.

मोडीवाली
तुम्ही दोघं भांडताय, पण ती मोडी वाचली कुणी? मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एका अक्षराने वाक्य उलटं होतं. मी अकरा वर्षं मोडी वाचतेय. लोक मोबाइलवर अंधुक फोटो पाठवतात आणि ‘ताई, जरा पटकन सांगा’ म्हणतात. माझ्या शेजारच्या वाड्यात दोन पेट्या कागद रद्दीत गेले, कारण वाचायला कुणी नव्हतं. आधी लिप्यंतर दाखवा, मग इतिहास ठरवा.

शिवडीची सून
इथे मला बोलणं भाग आहे. माझ्या सासूबाईंचे वडीलही कुटला होते. हिरड्या सुजून दात पडले, पण मांस तोंडाला लावलं नाही, असं ते मरेपर्यंत सांगत होते. तरी गावाने विश्वास ठेवला नाही. प्रायश्चित्त घ्यायला लावलं, पुढे कित्येक वर्षं ताट वेगळं. सासूबाई लहानपणी ते ताट बाहेर नेऊन ठेवायच्या, हे सांगताना अजून रडतात. आता तुमच्या वहीत ‘सर्वांनी खाल्ले’! आमच्या माणसाला त्या ‘सर्वांनी’त बसवू नका.

लालबागकर
म्हणजे माझे आजोबा खोटारडे?

शिवडीची सून
तुमच्या आजोबांनी खाल्लं असेल. आमच्यांचं त्यांनी लिहू नये.

लालबागकर
वहिनी, खाण्यात लाज कसली? जवाची मूठभर भाकरी आणि समोर मरणारी माणसं. खाल्लं म्हणून जगले, म्हणून मी आहे. ज्यांनी नाकारलं तेच शूर, हे कुणी ठरवलं?

शिवडीची सून
हे वाक्य त्या गावाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कागदवाला
थांबा दोघंही. वेढ्याच्या बहुतेक काळात हिंदी शिपाई मांसाला शिवले नाहीत. टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारेने परवानगीही मागवली होती. तरी शेवटच्या महिन्यात कुठे हजारोंनी खायला सुरुवात केली. सगळ्यांनी नाही. म्हणजे माझं ‘नाकारलं’ चुकीचं, ते मागे घेतो. तेवढंच. पण वहीतलं ‘सर्वांनी’सुद्धा तितकंच सरसकट आहे. तो शिपाई फार तर आपल्या खंदकातल्या माणसांबद्दल बोलू शकतो.

लालबागकर
खंदकातली माणसं, हे मान्य. आणि एक मीही सांगून टाकतो. वहीवरचं ‘पहिले महायुद्ध’ काकांनी बॉलपेनने लिहिलंय, साठच्या दशकात. मला माहीत होतं. तुम्ही त्यावरून सगळी वहीच मोडीत काढाल म्हणून बोललो नाही. आतली पानं वेगळ्या हातची आहेत.

कागदवाला
हे आधी सांगितलं असतंत तर माझा निम्मा मजकूर वाचला असता. आतली पानं केव्हाची, हा प्रश्न मात्र उरतोच.

मोडीवाली
वही घेऊन रविवारी दादरला या. फोटो नको, वहीच. सगळी पानं वाचते, पैसे घेणार नाही. नंतर खाडाखोड किंवा भर घातली असेल तर दिसेल.

लालबागकर
येतो.

शिवडीची सून
मीही येते. ती ओळ माझ्यासमोर वाचा.