विवाह अधिकाऱ्याने धर्माचं कारण देऊन नकार दिला तर?

कोथरूडकर: समलिंगी जोडप्याला लग्नाचा परवाना नाकारणाऱ्या केंटकीच्या काउंटी क्लार्क किम डेव्हिसची याचिका अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखलच करून घेतली नाही. सरकारी पगार घेणाऱ्याला 'माझ्या धर्मात बसत नाही' म्हणून काम नाकारता येतं का? आणि पुण्यात असं झालं तर करायचं काय?

पर्वतीचा वकील: डेव्हिसबाईंनी २०१५ मध्ये फक्त समलिंगी जोडप्यांना नाही, सगळ्यांनाच परवाने देणं थांबवलं, म्हणजे भेदभावाचा ठपका नको. ती युक्ती चालली नाही. कोर्टाचा आदेश धुडकावला म्हणून पाच दिवस कोठडी. मुळात अडचण होती परवान्यावर छापल्या जाणाऱ्या त्यांच्या नावाची. २०१६ मध्ये राज्याने परवान्याचा नमुनाच बदलून ते नाव काढून टाकलं, प्रश्न मिटला. पण ज्यांना आधी परत पाठवलं होतं त्यांचा दावा उभा राहिला. २०२३ मध्ये ज्युरीने त्यातल्या एका जोडप्यातल्या दोघांना प्रत्येकी ५०,००० डॉलर भरपाई दिली, वर वकिलांचा खर्च सुमारे २,६०,००० डॉलर. खुर्चीवर बसून दिलेला नकार हा सरकारचा नकार, तिथे वैयक्तिक धर्मस्वातंत्र्य ढाल म्हणून चालत नाही, हे खालच्या कोर्टांचं म्हणणं कायम राहिलं.

नियमावली: सवलत देताच येत नाही असं मात्र नाही. नॉर्थ कॅरोलिनात दंडाधिकाऱ्याला लेखी कळवून बाजूला होता येतं, पण मग किमान सहा महिने कुणाचंच लग्न लावता येत नाही. आवडीनिवडी चालत नाहीत, हे मला पटतं. दक्षिण आफ्रिकेने २००६ च्या कायद्यात अधिकाऱ्यांना फक्त समलिंगी जोडप्यांची लग्नं नाकारायची सूट ठेवली आणि कित्येक कार्यालयांत लग्न लावायला कुणी उरेना. २०२० मध्ये ते कलम रद्द झालं. इंग्लंडमधल्या इस्लिंग्टनच्या, समलिंगी जोडप्यांची नोंदणी नाकारणाऱ्या निबंधक बाई तर २०१३ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयातही हरल्या. सूट द्यायची तर त्याच टेबलावर, त्याच दिवशी दुसरा माणूस हवा. अर्जदाराला हेलपाटा पडला की सूट फसली.

पर्वतीचा वकील: आता पुणे. आंतरधर्मीय जोडप्यांना हा त्रास आजही होतो. विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये अधिकाऱ्याच्या श्रद्धेला जागाच नाही. हरकत फक्त कलम ४ वर: वय, आधीचा जोडीदार हयात, मानसिक अवस्था, निषिद्ध नातं. आईवडिलांची संमती मागणं बेकायदा.

तोंडी 'नाही' ऐकून घरी येऊ नका. अर्ज आवक-जावक टेबलावर द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारखेचा शिक्का घ्या. पोच नसेल तर पुढे काहीच सिद्ध होत नाही. कुणी हरकत घेतली तर ३० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ती मान्य झाली तर ३० दिवसांत शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात अपील. हरकतच नसताना फाईल दाबून ठेवली तर मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका. तुमचा अर्ज म्हणजेच लग्नाची नोटीस; ती तीन महिनेच चालते, त्यामुळे 'पुढच्या सोमवारी या' मध्ये ती संपवू देऊ नका. आणखी एक मेख: कायमचा पत्ता साताऱ्याचा असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या कार्यालयातही लागते. गावात बातमी फुटते ती तिथूनच.

कोथरूडकर: आणि समलिंगी जोडपं?

नियमावली: तिथे अधिकाऱ्याला धर्म काढायची गरजच पडत नाही. कलम ४ मध्ये पुरुष २१ आणि स्त्री १८ असं लिहिलंय, आणि १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात आपल्या सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने त्याला हात लावला नाही. कायदा बदलेपर्यंत कागद भक्कम करा. संयुक्त बँक खातं आणि नॉमिनी म्हणून जोडीदार, दोन्हीला आडकाठी नाही, असा अर्थ मंत्रालयाचा २८ ऑगस्ट २०२४ चा खुलासा आहे. शाखेत त्याची प्रत घेऊन जा. मृत्युपत्रावर दोन साक्षीदार, दोघेही लाभार्थी नसलेले बरे. राहत्या घराच्या बक्षीसपत्राला नवरा-बायकोला मिळणारी २०० रुपये मुद्रांकाची सवलत तुम्हाला नाही, म्हणून फ्लॅट घेतानाच करारनाम्यात दोघांची नावं घाला.