आयईएम (कानाच्या आत बसणारे इअरफोन) घ्यावेत की मोठे हेडफोन? बस, रात्रीचं ऐकणं आणि एक नाजूक कान - मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या. आधी कुठे चर्चा झाली असेल तर लिंक द्या. मी शोधलं, पण जिथे तिथे 'बेस कसाय' याच्यापुढे गाडी जातच नाही.

माझं ऐकणं दोन वेळचं. सकाळ-संध्याकाळ नाशिकरोडच्या बिटको चौकातून कंपनीची बस, अंबड एमआयडीसीपर्यंत, द्वारकेला अडकली नाही तर चाळीस मिनिटं आणि अडकली तर रामभरोसे. तिथे गप्पांचे कार्यक्रम, मुलाखती, कधी जुनी गाणी. आणि दुसरं म्हणजे रात्री जेवणं आटोपल्यावर दहा ते साडेअकरा घरात शास्त्रीय. मन्सूर, कुमारजी, किशोरीताई. दिवसभर शॉपफ्लोअरवर प्रेसचा धडधडाट ऐकल्यावर ही दीड तासाची चैन मला हवीच असते. पण पोरगी दहावीला आहे आणि हॉलमध्येच अभ्यासाला बसते, सो स्पीकरचा विषय संपला.

आत्ता ते बिनवायरचे छोटे बड्स आहेत. दीड वर्षात डावा तासाभरात मान टाकतो, उजवा अडीच तास टिकतो. कस्टमर केअरला फोन केला तर बॅटरी बदलून मिळत नाही, नवीन घ्या म्हणाले. म्हणून आता वायरचंच घ्यायचं ठरवलंय. बजेट पाच हजार, फारच भारी वाटलं तर सहा, त्यावर गेलो तर घरात उत्तरं द्यावी लागतील.

आता खरी गोची. गेल्या पावसाळ्यात उजव्या कानात बुरशी झाली होती. आधी नुसती खाज, मग कान दडा बसल्यासारखा, मग ठणका. डॉक्टरांनी साफ करून थेंब दिले आणि सांगितलं की बरा होईपर्यंत कानात काहीही घालायचं नाही, आणि नंतरही तासन् तास बोळे कोंबून बसायचं नाही. आता कान ठणठणीत आहे. पण सगळे सांगतात या पैशात आवाजाला आयईएमच भारी, आणि आयईएम म्हणजे तर कानात बूच मारल्यासारखंच की.

एमजी रोडला चक्कर मारून आलो. आयईएमचा बॉक्स उघडून दाखवणार नाही म्हणाले, ते एक वेळ पटलं, दुसऱ्याच्या कानात जाऊन आलेलं मी तरी घेईन का. पण मोठ्या हेडफोनचा डेमोपीस होता त्याची एक बाजू बंद! मी सांगितलं तर दुकानदार म्हणतो, साहेब नेकबँड बघा ना, तोच चालतो आजकाल.

तर कोणी दोन्ही वापरलं असेल तर सांगा. फोनला गोल जॅक नाही हेही लक्षात घ्या. दीडशे रुपयांचं टाइप-सीचं अडॅप्टर आणलं होतं, ते लावलं की फोन ढिम्म.

प्रतिसाद १ - तारगुंता

आधी अडॅप्टरचं. तुमच्या फोनमध्ये दोष नाहीये. टाइप-सीची अडॅप्टरं दोन जातींची असतात. एकात नुसत्या तारा जोडलेल्या असतात, फोनने स्वतःच पोर्टमधून ॲनालॉग आवाज बाहेर काढला तरच ते चालतं आणि बरेच फोन तो काढत नाहीत. दुसऱ्यात छोटा डॅक असतो, म्हणजे डिजिटलचा ॲनालॉग करणारी चिप अडॅप्टरच्या पोटातच, ते घ्या. ॲपलचं टाइप-सी अडॅप्टर आकाराने चिमुकलं पण आत डॅक आहे, फक्त काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बराच कमी येतो, त्यामुळे परत करता येईल असं बघून घ्या.

आता मुद्दा. बससाठी आयईएमच. मूनड्रॉप चू २ बघा, तुमच्या बजेटच्या निम्म्यातही येतो. पहिल्या चूची केबल कायमची जोडलेली होती, दुसऱ्याची निघते, ०.७८ मिमीची टू-पिन आहे, तुटली की केबल बदला, काम खल्लास. आणि कोणताही घेतलात तरी टिप्सवर, म्हणजे कानात जाणाऱ्या रबरी टोकांवर, वेळ घालवा. टिप नीट बसली नाही की बेस गळतो, आणि मग लोक हेडफोनला शिव्या घालतात. माझ्या डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला मोठी लागते, दोन्ही कान सारखे असतात हा गैरसमज आहे.

प्रतिसाद २ - जुनाडेक

तारगुंताभाऊ, तुम्ही धागा अर्धाच वाचलात वाटतं. माणूस सांगतोय कानात बुरशी झाली होती आणि तुम्ही त्याला टिपचे साइज सांगताय!

माझं मत सरळ आहे, कानावरून बसणारे घ्या. ऑडिओ-टेक्निका एम२०एक्स मिळतो का बघा, क्लोज्ड बॅक आहे, म्हणजे कपाची मागची बाजू बंद, ४७ ओहमचा (साधारण ओहम जास्त तेवढा वाजवायला जोर जास्त), डॅकवाल्या साध्या अडॅप्टरवर आरामात वाजतो. ओपन बॅकच्या नादी लागू नका. त्यात तानपुरा असा मोकळा पसरतो की विचारू नका, पण बाहेर पण तेवढाच ऐकू येतो, म्हणजे मुलीचा अभ्यास आणि मन्सूर दोन्ही एकदम. आणि ३०० ओहमवाले तर फोनला लावायच्या भानगडीतच पडू नका, हूं की चूं करणार नाहीत.

तोटे पण सांगतो. एप्रिल-मेमध्ये अर्ध्या तासात कानाभोवती घाम. पॅडचं ते रेक्झिन दोन-तीन पावसाळ्यांत सोलायला लागतं, काळे कपटे गालाला चिकटतात, बायको विचारते तोंडाला काय लावलंय. पॅड बदलून मिळतात, त्यामुळे फार टेन्शन नाही.

प्रतिसाद ३ - ढोलपथकी

मी ढोल वाजवतो त्यामुळे कान या विषयावर बोलायचा मला हक्क नाही, गणपतीच्या आधी दीड महिना आमची प्रॅक्टिस सुरू झाली की आख्ख्या गल्लीचे कान आम्हीच उठवतो. पण म्हणूनच सांगतो, गेल्या वर्षी कानात शिट्टी वाजायला लागली तेव्हा थोडं वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेचा सुरक्षित ऐकण्याचा आकडा आहे, मोठ्या माणसाला आठवड्याला ४० तास ८० डेसिबल. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. तीनचा फरक म्हणजे फोनवरचं जेमतेम बटण दाबल्यासारखं वाटतं हो, पण वेळ निम्मा.

आता बसमध्ये इंजिनाची घरघर चालू असताना तुम्ही काय करता, तर आवाज वाढवता. आयईएमने बाहेरचं बंद होतं म्हणून कमी आवाजात भागतं, तो त्याचा खरा फायदा आहे. नॉइज कॅन्सलिंगवाले ती घरघर मस्त मारतात, मागच्या सीटवरची बडबड मात्र पूर्ण नाही मारत, आणि तुमच्या बजेटमध्ये त्याचा चांगला पीस मिळणं अवघड.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. ढोलपथकी, तुम्ही आमच्याच मागच्या गल्लीतले निघालात तर बघतो तुम्हाला.

मी एक उद्योग केला. भाच्याकडून चू २ आणला, टिप्स माझ्या मी नवीन घेतल्या, आणि ऑफिसातल्या एकाकडून एम२०एक्स आठवडाभर मागून घेतला. डॅकवालं अडॅप्टर पण आणलं, फोन लगेच बोलायला लागला.

आवाज म्हणाल तर चू २ ने मी गार पडलो. बड्समध्ये डग्गा म्हणजे नुसता धप्प असायचा, यात तळव्याने दाबून घसरवलेला तो घुमारा स्पष्ट कळतो, कुठे सुरू झाला नि कुठे विरला. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझणती गुंज, तर अशी की वाटलं कोणीतरी उशाशी बसून छेडतंय. पण सगळं डोक्याच्या आत. गवई माझ्या कवटीत बसून गातोय असं! शिवाय केबल शर्टाला घासली की खरखर कानात, आणि चालताना स्वतःचीच पावलं धप धप. एकदा शेंगदाणे खाता खाता ऐकत होतो, सम कुठली आणि दाढ कुठली कळेना.

एम२०एक्समध्ये एवढं बारीक दिसत नाही हे खरं. जवारी थोडी मागे जाते. पण गाणं जरा समोर येऊन बसतं, आणि दीड तासाने काढला तेव्हा कान थकले नव्हते. दुसरं एक लक्षात आलं, बायको रात्री उद्याच्यासाठी हरभरे कुकरला लावते आणि मला सांगून झोपायला जाते की पाच शिट्ट्यांनी बंद कर. चू लावला होता त्या रात्री मला एकही शिट्टी ऐकू आली नाही. पोरगी उठून आली, गॅस बंद केला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत पुस्तकात. एम२०एक्समध्ये शिट्टी दबकी का होईना येते.

बसमध्ये मात्र उलटं. एम२०एक्सची केबल तीन मीटर आहे आणि निघत नाही. तीन मीटर! मुंबई नाक्याला शेजारचा उतरायला उठला तर तो, त्याचा डबा आणि माझं डोकं सगळं एकाच वायरीत. परत बसभर लोक बघतात, जसा काही मी विमान चालवतोय.

आता कान. चू रोज बसमध्ये चाळीस मिनिटं असं पाच दिवस झाले आणि सहाव्या दिवशी उजव्या कानात हलकी खाज. कदाचित मनाचे खेळ असतील, पण मी ताबडतोब बंद केलं आणि डॉक्टरांना दाखवून आलो. काही नाही म्हणाले, पण पावसाळाभर तरी कान मोकळा ठेवा.

प्रतिसाद ४ - तारगुंता

जुनाडेक बरोबर होते, मी मागे घेतो. पण भाच्याचा चू परत देताना टिप्स काढून द्या, आणि पुढेमागे कधी घेतलात तर ओल्या कानात घालू नका, आंघोळीनंतर थोडा वेळ जाऊ द्या, आणि टिप काढून साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवून मगच लावा. चू २ च्या तोंडाचा जाळीवाला भाग फिरवून निघतो, मळ साचला की तो बदलता येतो, बाकी बऱ्याच आयईएममध्ये ही सोय नसते.

धागाकर्ता

ठरलं. रात्रीसाठी एम२०एक्स मागवला, गुरुवारी येतोय. बसमध्ये दिवाळीपर्यंत काहीच लावणार नाही, तसंही सिंहस्थाच्या कामांनी रस्ता असा खणलाय की मुलाखत ऐकू येण्याआधी कंबर ऐकू येते. ऑक्टोबरात कान दाखवून मग चूचं बघू.

आता शेवटचं एकच. ती तीन मीटरची केबल कापून आखूड करून नवीन पिन डकवणारा कोणी भरवशाचा माणूस नाशिकरोड किंवा सिडकोकडे माहितीय का? गुंडाळी करून रबर लावून बघितलं, ऑफिसवाल्याचीच होती म्हणून जपून, पण ते भेंडोळं मांडीवर ठेवलं की मांजर येऊन बसतं त्यावर.

प्रतिसाद ५ - जुनाडेक

वॉरंटी आहे तोवर कापू नका. मांजराला दुसरी मांडी शोधायला लावा.