शब्दचर्चा: कायटन, त्याचे ‘व्हॉल्व्ह’ आणि ‘वितरण’

गिरणाकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या मुलांसाठी मराठीत टिपण करायला घेतलंय. विषय अरबी समुद्रातले कायटन. सध्याचं शीर्षक ‘अरबी समुद्रातील कायटन मृदुकायांची विविधता आणि वितरण’. मुलांनी कच्चा मसुदा केला तो वाचून डोक्याला हात लावला. ‘कायटनच्या पाठीवर आठ झडपा असतात’ असं वाक्य होतं. व्हॉल्व्ह म्हणजे झडप, शब्दकोशात तसंच आहे, मुलांचा काय दोष!

ज्यांनी हा प्राणी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शंख-शिंपल्यांच्याच संघातला हा प्राणी. चपटा, लंबगोल, बहुतेक जाती बोटाच्या दोन-तीन पेरांपेक्षा मोठ्या नसतात. पाठीवर एकावर एक चढलेले आठ कठीण तुकडे (यांनाच इंग्रजीत व्हॉल्व्ह म्हणतात), भोवती मांसल कडा, खाली रुंद पाय. खडकाला असा चिकटतो की नखानं निघत नाही. निघालाच तर अंग दुमडून गोळा होतो. जिवंत जाती हजाराच्या आसपास, सगळ्या समुद्रातल्या. गोड्या पाण्यात किंवा जमिनीवर एकही नाही.

तर झडपेला पर्याय सुचवा. भोवतालच्या कडेला काय म्हणू? ‘वितरण’ राहू देऊ का? आणि नाव कायटन लिहू, काइटन लिहू की मूळ ग्रीकच्या जवळ जाऊन खिटॉन?

भुसावळ जंक्शन:
सर, वितरण म्हटलं की मला महावितरणच दिसतं. नाहीतर गणवेश वितरण, धनादेश वितरण. वितरण करायचं तर वाटणारा कोणीतरी हवा. समुद्रात कायटन कोण वाटत बसलंय? ‘आढळ’ लिहा. पक्षी-फुलपाखरांवर लिहिणारे कधीपासून लिहितात.

तापीच्या अलीकडे:
आठे समुद्र कोठे शे भो? आमच्या धरणगावात बसून कायटनवर चर्चा चाललीय म्हणून विचारलं. रागावू नका सर. झडप मात्र नकोच, तुमचा प्राणी मोटारपंपासारखा वाटतो.

वेरावळ ते शिरपूर:
समुद्र लांब आहे खरा, पण आपलं पाणी तिथंच जातं की. तापी खानदेश ओलांडून सुरतेच्या पुढं डुमसजवळ खंबातच्या आखाताला मिळते. आणि गिरणाकाठ यांच्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे. मी नोकरीनिमित्त काही वर्षं सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

तापी, नर्मदा, मही, साबरमती या सगळ्या नद्या आपापला गाळ त्या आखातात ओततात. भरती-ओहोटीतला फरक तिथं दहा मीटरच्या आसपास जातो, त्यामुळं गाळ खाली बसतच नाही, पाणी कायम गढूळ. किनारा म्हणजे मैलोन्‌मैल चिखल. कायटनला लागतो खडक, निदान पक्का दगड. पाय चिकटवायला तो हवा आणि त्यावर वाढलेलं शेवाळ खरवडून खायलाही तोच हवा. मऊ चिखलात बिचारा करणार काय? तेच आखात ओलांडून पश्चिमेला दीव, वेरावळ, द्वारका, ओख्याकडे गेलात की खडकाळ किनारा लागतो आणि दगडाखाली कायटन मिळायला लागतात. दक्षिणेला आलात तर रत्नागिरी, मालवणकडे बेसाल्ट आणि जांभा आहे, तिथंही आहेत. मध्ये खाड्या आणि वाळूचे पट्टे आले की तुटतात. म्हणजे नकाशावर सलग रंग भरून चालत नाही, ठिपके द्यावे लागतात.

दुसरं कारण त्यांच्या पिलांचं. कायटनची अळी अंड्यातल्या बलकावरच जगते. पाण्यात तरंगण्याचा काळ बहुतेकदा थोड्या दिवसांचाच, तेवढ्यात बसायला दगड मिळाला तर ठीक. काही जातींत तर मादी अंडी अंगाखालच्या खाचेतच सांभाळते, तिथं तरंगणंही नाही. म्हणून कायटन फार लांब पसरत नाहीत आणि एकेका किनाऱ्याच्या खास जाती बनतात. दक्षिण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि उत्तर अमेरिकेचा पॅसिफिक किनारा यात श्रीमंत. उलट काही जाती चांगल्या दूरवर आहेत. ‘अकँथोप्ल्युरा’ या प्रजातीतले जाडजूड, काठावर काटे असलेले कायटन तांबड्या समुद्रापासून ओमानच्या किनाऱ्यापर्यंत खडकावर उघडे बसलेले दिसतात.

आता शब्दाकडे येतो. ‘आढळ’ला माझंही मत, पण जंक्शन यांनी दिलेल्या कारणासाठी नाही. आढळ म्हणजे कोणाला तरी आढळलं. बघणारा त्या शब्दातच आहे. कायटनच्या बाबतीत हे फार खरं. दगड उलटवून बघितल्याशिवाय यातले निम्मे दिसत नाहीत. जिथं विद्यापीठ जवळ, जिथं रस्ता किनाऱ्यापर्यंत जातो, तिथल्या नोंदी जास्त. ‘या तालुक्यात आढळ नाही’ म्हटलं की वाचणारा विचारतो, शोधलं होतं का? ‘वितरण नाही’ म्हटलं की विषयच संपतो. बाकी संख्याशास्त्रात वितरण रूढ आहे, तिथलं तिथं राहू द्या.

मात्र एक फरक पाळा. नोंदींची ठिकाणं म्हणजे आढळ. त्या नोंदींवरून आपण जो प्रदेश आखतो तो ‘विस्तार’ किंवा ‘व्याप्ती’. आणि किती खोलीवर, हे सांगताना ‘खोलीनुसार आढळ’ सरळ कळतं. बहुतेक जाती ओहोटीच्या पट्ट्यात आणि उथळ पाण्यात असल्या तरी काही जाती सात हजार मीटर खोलीवरूनही मिळाल्या आहेत.

गिरणाकाठ:
हे तर टिपणाचं अर्धं कामच झालं. ‘आढळ’ नक्की. ‘ओहोटीच्या पट्ट्यात’ हेही आवडलं. मुलांनी ‘आंतरभरती क्षेत्र’ लिहिलं होतं, मला दोनदा वाचावं लागलं.

साक्री रोड:
कोळ्यांकडे याला नेमके शब्द आहेत, ते वापरा. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती म्हणजे ‘उधाण’, अष्टमीच्या आसपासची लहान म्हणजे ‘भांग’, पाणी उतरतं ती ‘सुकती’. कायटनची पाहणी उधाणाच्या सुकतीलाच करतात, कारण एरवी पाण्याखाली असणारे दगड तेव्हाच उघडे पडतात. आपल्या मुलांना उधाण म्हणजे फक्त ‘आनंदाला उधाण’ माहीत. यानिमित्तानं मूळ अर्थ कळेल.

झडपेबद्दल: शिंपल्यांना ‘द्विपुट’ म्हणतात, दोन पुटं असलेले. त्या चालीनं कायटन ‘अष्टपुट’. पण मलाच लिहिताना वैद्याकडचं भस्म आठवलं.

भुसावळ जंक्शन:
अष्टपुट चूर्ण, दिवसातून दोनदा कोमट पाण्यातून.

मास्तरीण, अमळनेर:
‘पट्ट’ घ्या ना. या वर्गाचं शास्त्रीय नाव पॉलिप्लॅकोफोरा, म्हणजे अनेक पट्ट वागवणारे. आठ पट्ट: पहिला शिरपट्ट, शेवटचा पुच्छपट्ट, मधले सहा. मी नववीच्या मुलांना असंच सांगते, कोणी अडत नाही. ‘पट्टी’ नको, ती त्यांच्या कंपासपेटीत असते. ‘फलक’ म्हटलं की शाळेचा.

भोवतालच्या मांसल कडेला पुस्तकी शब्द ‘मेखला’. अंसमेखला, श्रोणिमेखला आपण हाडांसाठी शिकवतोच. पण मला ‘काठ’ बरा वाटतो. लुगड्याचा असतो तसा. अंग एका पोताचं, काठ दुसऱ्याच पोताचा, आणि जात ओळखायला बाईमाणूस आधी काठच बघतं. कायटनमध्येही काठावर खवले आहेत, काटे आहेत, केस आहेत की नुसती गुळगुळीत कातडी आहे, यावरूनच पुढची ओळख सुरू होते.

एक खटकतं. ‘आठपट्टी’ असं नावच या प्राण्याला द्यावं, असा मोह मलाही झाला होता. पण उत्तर पॅसिफिकमधला सगळ्यात मोठा कायटन, क्रिप्टोकायटन, फूटभर लांब वाढतो आणि त्याचे आठही पट्ट काठाच्या कातडीखाली पूर्ण झाकलेले असतात. वरून बघणाऱ्याला एकही दिसत नाही. त्याला आठपट्टी कुठल्या तोंडानं म्हणायचं? म्हणून प्राण्याचं नाव कायटनच राहू द्यावं.

वेरावळ ते शिरपूर:
मास्तरीणबाई, ‘काठ’ एकदम पसंत. काठ किती महत्त्वाचा ते नमुना जपताना कळतं. कायटन तसाच द्रावणात टाकला की गोळा होतो आणि कडक झाला की उलगडत नाही. मग ना पट्ट मोजता येतात ना काठ दिसतो. म्हणून जिवंत असतानाच त्याला काचेच्या किंवा लाकडाच्या पट्टीवर सपाट ठेवतात, वरून दोऱ्याचे वेढे देतात आणि मग द्रावणात सोडतात. दोरा फार आवळला तर काठावरचे खवले झडतात. काम चिकाटीचं आहे. आणि दगड उलटवला तर परत होता तसा ठेवायचा, हेही मुलांना सांगा. उन्हात उताणा पडलेला दगड म्हणजे त्याखालची सगळी वस्ती मेली.

कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात मुलांना नेणार असाल तर परवानगी आधी काढा. १९८२पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, एक शिंपलाही उचलता येत नाही.

तापीच्या अलीकडे:
मघाशी चेष्टा केली, आता खरी शंका. कायटन आणि कायटिन एकच का? झिंगे, झुरळं यांच्या कवचात कायटिन असतं असं शिकलो होतो. मग कायटनचं कवच कायटिनचं?

गिरणाकाठ:
नाही भाऊ, इथंच मुलं दरवर्षी गुण घालवतात. कायटनचे पट्ट चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, अ‍ॅरागोनाइट या रूपातले. कायटिन हा वेगळाच पदार्थ. दोन्ही नावं मात्र एकाच ग्रीक शब्दावरून आली, ‘खिटोन’ म्हणजे अंगरखा. लिनियसनं १७५८मध्ये या प्राण्याला कायटन म्हटलं, आणि ओदिये या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२३मध्ये किड्यांच्या पंखांवरच्या कठीण आवरणातल्या पदार्थाला कायटिन. म्हणूनच खिटॉन वगैरे लिहिण्याचा विचार मी सोडतोय. कायटन-कायटिन ही जोडी निदान शेजारी ठेवून शिकवता येते.

साक्री रोड:
नाव कायटनच ठेवणार असाल तर आणखी एक गाठ आहे. लिनियसची ‘कायटन’ ही एक प्रजाती, आणि व्यवहारात त्या अख्ख्या वर्गालाच कायटन म्हणतात. इंग्रजीत पहिलं अक्षर मोठं काढून तिरपं लिहिलं की भागतं. देवनागरीत मोठं अक्षर आणायचं कुठून? ‘कोकणात कायटनच्या तीन जाती’ असं कोणी लिहिलं तर त्या वर्गातल्या तीन की प्रजातीतल्या तीन?

त्यात वर्तमानपत्रांनी ‘प्रजाती’चा बट्ट्याबोळ केलाय. मराठी विश्वकोशात जाती हा लहान गट आणि प्रजाती हा त्यावरचा. बातम्यांत मात्र सर्रास ‘नवी प्रजाती सापडली’. सापडलेली असते जात. ‘जात’ लिहायला लाज वाटते की काय कोण जाणे.

मास्तरीण, अमळनेर:
लाज नाही, धास्ती. शाळेत ‘याची जात कोणती’ असं विचारलं की वर्गात नको ते हसणं सुरू होतं. पण म्हणून शब्द सोडायचा नाही. ‘जाती’ असं अनेकवचनात लिहिलं की पुष्कळ निवळतं. आणि प्रजाती सांगायची तिथं दरवेळी ‘कायटन प्रजाती’ असा पूर्ण उल्लेख करा, बाकी सगळीकडे नुसतं ‘कायटन’. शाईचा खर्च थोडा वाढेल.

भुसावळ जंक्शन:
तो कायटन की ते कायटन?

मास्तरीण, अमळनेर:
तो. शंख तो, शिंपला तो. कालव ते आहे खरं, पण ‘कायटनं’ असं अनेकवचन झालं की वाचणाऱ्याला कळेना की कायटनने काही केलं.

वेरावळ ते शिरपूर:
तो कायटन, ते कायटन, मान्य. जाता जाता माझाही एक शब्द अडलाय. रॅड्युला. तोंडातली दातांच्या रांगांची फीत, जिनं हे दगड खरवडतात. ‘दंतपट्टिका’ लिहिलं तर मास्तरीणबाईंचे पट्ट मध्ये येतात. मी ‘कानस-जीभ’ म्हणतो. लोहारकामातली कानस सगळ्यांना माहीत असते, आणि इथं तर ती खरोखर लोखंडाच्या घराण्यातली. कायटनच्या त्या दातांच्या टोकांवर मॅग्नेटाइट या लोहखनिजाचा थर असतो. हाइन्झ लोवेनस्टॅम यांनी १९६२मध्ये तो दाखवून दिला. दात झिजले की मागून नवी रांग पुढं सरकते. खरवडण्यात दगडाचाही भुगा निघतो.

तापीच्या अलीकडे:
म्हणजे लोहचुंबक लावलं तर दात चिकटतील?

वेरावळ ते शिरपूर:
चिकटतात. जीभ काढून वाळवली की साधं चुंबकही तिला ओढतं. वर्गात दाखवायला याहून सोपा प्रयोग नाही.

गिरणाकाठ:
‘कानस-जीभ’ घेतो, कंसात रॅड्युला ठेवून. परीक्षेला तोच शब्द येतो, त्याला इलाज नाही. लोहारकाम करणारं कोणी इथं असेल तर सांगा, कानशीच्या दातांना आपल्याकडे वेगळा शब्द आहे का? चित्राखाली भागांची नावं लिहायची आहेत, तिथं एक जागा अजून रिकामी आहे.